फिरती गिरणी की चेन सॉ: आधी भुसा मोजा, मग सल्ला द्या

ओंडका ते फळी
कोकणात पडलेल्या आंबा-फणसाचे ओंडके जागेवरच चिरून देण्याचा धंदा सुरू करू पाहणाऱ्या एका तरुणाला इथे काल असा सल्ला मिळाला की पट्ट्याची फिरती गिरणी (दातेरी पोलादी पट्ट्याने ओंडका चिरणारी, चाकांवरून नेता येणारी) हा श्रीमंती चोचला आहे, चेन सॉला अलास्कन चौकट (सॉ ओंडक्यावरून एकाच उंचीवर सरकवणारी) जोडावी आणि कामाला लागावे. चार वर्षे संगमेश्वर तालुक्यात हेच काम करत असल्यामुळे मला गप्प बसवले नाही. चेन सॉच्या एका कापात आठ-नऊ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो, पट्ट्याच्या कापात साधारण दोन. एक इंची दहा फळ्या काढायच्या, तर मधल्या नऊ कापांत चेन ८१ मिलिमीटर खाते, म्हणजे तीन फळ्या; पट्टा १८ खातो, म्हणजे एकसुद्धा नाही. आजोबांनी लावलेल्या फणसाच्या तीन फळ्या घरमालकाच्या डोळ्यांदेखत भुशात घालायच्या आणि वर त्याच्याकडेच घनफुटाने मजुरी मागायची, हे मला जमणार नाही.

पाखाडी
तो सल्ला माझाच होता आणि तो मी मागे घेत नाही. आपली गिरणी जीपमागे येते, माझे गिऱ्हाईक मात्र साठ पायऱ्यांच्या पाखाडीखाली राहते. चौकट, सॉ आणि पहिल्या कापासाठी रूळ म्हणून लागणारी सरळ शिडी दोन माणसे खांद्यावरून नेतात. शिवाय गोलाईच्या चौथाईने, म्हणजे घेराचा चौथा भाग चौकोनाची बाजू धरून, ओंडका मोजताना आपला हा धंदा एकवीस टक्के लाकूड हिशेबातच धरत नाही, तेव्हा भुशाचे रडगाणे कशाला?

ओंडका ते फळी
ती सूट ओंडका विकत घेणाऱ्याला मिळते. इथे झाड मालकाचे, फळ्याही मालकाच्या आणि तो त्या बोटांनी मोजून घेतो. धंद्यातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागतो, याचेच नवल वाटते.

दक्षिण गोलार्ध
मी ब्रिस्बेनजवळ राहतो. आपण दोघेही तिसरा प्रकार विसरत आहात. ऑस्ट्रेलियाच्या लुकास आणि न्यूझीलंडच्या पीटरसन गिरण्यांमध्ये गोल पाते आडवे-उभे फिरवता येते, त्यामुळे दोन कापांत चौकोनी वासा सुटा होतो. सांगाडा सुटा करून नेता येतो आणि पडलेल्या ओंडक्याभोवती उभारता येतो, ओंडका उचलावा लागत नाही. कापाची जाडी पाच मिलिमीटरच्या आसपास असते, हे मान्य आहे. फणसाची दोन फुटी अखंड फळी मात्र आठ इंच खोल कापणाऱ्या पात्यातून सरळ निघत नाही.

ओंडका ते फळी
आमच्याकडे गिऱ्हाईक नेमकी तीच फळी मागते, जेवणाच्या टेबलासाठी.

ताडपत्री
यंत्राची चर्चा रंगली आहे, पण परवान्याचे काय? 'चाके आहेत, म्हणजे गिरणी नव्हे' असे मला विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले. यंत्र दारात आल्यावर वन खात्याच्या कार्यालयातून तोंडी उत्तर मिळाले की चाके असोत वा नसोत, ओंडका चिरते ती गिरणीच. चौदा महिने ते ताडपत्रीखाली पडून राहिले आणि उंदरांनी पट्ट्याच्या चाकांवरचे रबर कुरतडले. जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशापासून नवी गिरणी काढणे ही किराणा दुकानाएवढी सोपी गोष्ट राहिलेली नाही.

दक्षिण गोलार्ध
केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत गिरणीची व्याख्या स्थिर बांधकामातील किंवा आवारातील यंत्रसामग्री अशी आहे. जीपमागची गिरणी त्यात कशी बसते?

ताडपत्री
ब्रिस्बेनमध्ये बसून व्याख्या वाचणे सोपे आहे. राज्याचे स्वतःचे वन नियम २०१४ चे आहेत आणि तपासणीला येणारा माणूस केंद्राची पुस्तिका खिशात घेऊन येत नाही. यंत्राच्या कर्जाचा हप्ता मी भरला, आपण नव्हे.

दक्षिण गोलार्ध
हप्ता आपण भरला याचे वाईट वाटते. लेखी उत्तर न घेता यंत्र उचलले, हा दोषही त्या व्याख्येचाच का?

ताडपत्री
नाही, तो माझाच. झाले समाधान?

पाखाडी
आमच्या चेन सॉला कोणी विचारत नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

ताडपत्री
अजून विचारलेले नाही, असे म्हणा. फळ्या विकायला लागल्यावर विचारतील. बिगरअनुसूचित झाड आणि अनुसूचित झाड (यादीतले, तोडायला परवानगी लागणारे) यांतला फरक १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमापासून आहे आणि तो आपल्या सॉकडे बघून बदलत नाही.

पाखाडी
बरे, परवान्याचे पाहतो. आता पट्टेवाल्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. आमच्या वाडीत परसातल्या एकूण एक आंब्यात कपडे वाळत घालायच्या तारेचा खिळा असतो आणि त्यावर चार बोटे साल चढलेली असते. माझी साखळी मी ओंडक्यावर बसून पंधरा मिनिटांत कानशीने घासतो. आपला पट्टा काय करतो?

ओंडका ते फळी
दात गमावतो. पहिल्या पावसाळ्यात मी एका आंब्यात तीन पट्टे घालवले आणि त्या दिवसाची मजुरी धार लावणाऱ्याला दिली. तेव्हापासून सहा पट्टे सोबत ठेवतो, सुक्या अकेशियासाठी चार अंश कललेल्या दाताचे वेगळे, फणसाच्या चिकासाठी पाण्यात थोडे साबणद्रव सोडतो आणि परसातला ओंडका असेल तर आधी त्यावरून हातातला धातुशोधक फिरवतो. पाखाडीखालच्या घरांना आपलीच चौकट बरी, हे मान्य करतो. तशी घरे माझ्या चार वर्षांच्या कामात तीनच निघाली.

पाखाडी
तीन का होईना, मान्य केलेत. तो धातुशोधक कितीला पडला तेवढे सांगा.