मारुती ८०० च्या बंपरवर रंग टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांची १९९४ ची मारुती ८०० पूर्ववत करतोय. पत्र्याचं काम झालं, पण प्लास्टिकपाशी अडलोय. सक्करदऱ्याच्या एका पेंटरकडून बंपर रंगवून घेतला होता. नागपूरचं मे महिन्याचं ऊन लागलं आणि पापुद्रे सुटले. खाली नुसतं गुळगुळीत प्लास्टिक, प्रायमरचा पत्ता नाही.

बंपरच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ कोरलंय, तुटलेला तुकडा पाण्यावर तरंगतो, म्हणजे पॉलिप्रोपिलीनच. त्यावर नुसता रंग धरत नाही, आधी अॅडहिजन प्रमोटर (रंगाची पकड वाढवणारा थर) लागतो, एवढं कळलंय. आता साबणाने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ६०० च्या पॉलिश पेपरने घासणार आहे. ग्रिल एबीएसची, म्हणजे थिनरने खराब होणाऱ्या दुसऱ्या प्लास्टिकची आहे, तिला कडक थिनर लावायची हिंमत होत नाही.

गांधीबाग-इतवारीत प्लास्टिक प्रायमर सुटा मिळतो का? बंपर लवचिक असतो, तर रंगात फ्लेक्स अॅडिटिव्ह (रंग लवचिक ठेवणारं द्रव्य) घालावंच का? आणि मूळचा काळा, किंचित खरबरीत पोत कोणी परत आणलाय का? मला चकाकी नकोच, बाबांनी आणली तेव्हा होती तश्शीच हवी. केलेलं असेल त्यांनी कृपया क्रमवार सांगा.