पिता म्हणजे ‘रक्षण करणारा’? मग पितारम् का नाही?

तारांकित
शेजारच्या धाग्यावर तो ढकलसंदेश पुन्हा आलाय: पा धातूला करणारा दाखवणारा तृ प्रत्यय लावला की पिता, रक्षण करणारा, दुह् ला लावला की दुहिता, दूध काढणारी. खाली नुसत्या टाळ्या. राहवलं नाही.

शाळेत घोकलेलं आठवा. कर्ता कर्तारौ कर्तारः, पण पिता पितरौ पितरः. एकच तृ असेल तर एकीकडे ता, दुसरीकडे त, हे कसं? ग्रीकमध्ये देणाऱ्याची द्वितीया ‘दोतोरा’ आणि बापाची ‘पतेरा’. संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्या एका हरवलेल्या मूळ भाषेतून आल्या, तिच्यातले ओ आणि ए ग्रीकमध्ये वेगळे राहिले. संस्कृतात दोन्हींचा अ झाला, फक्त मोकळ्या, म्हणजे स्वरानं संपणाऱ्या, अक्षरातला ओ लांबून आ झाला. जर्मन भाषाशास्त्रज्ञ ब्रुगमननं हे 1876 मध्ये मांडलं. स्वसृ, म्हणजे बहीण, यात तर त नाहीच, तरी रूप स्वसारम्, कारण मुळात ओ. लॅटिन ‘सोरोर’ बघा. म्हणून नात्यांचा ‘तर’ आणि कर्त्याचा ‘तर’ (दोन्ही तृ च) एकच धरून चालत नाही.

जुनी पगडी
वा! ब्रुगमनच्या दोन हजारांहून अधिक वर्षं आधी पाणिनीनं अष्टाध्यायीच्या 6.4.11 या सूत्रात स्वसृ, नप्तृ, होतृ नावं घेऊन दीर्घ आ सांगितलाय. त्यात पितृ नाही. पाणिनीवरची टीका काशिका स्पष्ट सांगते: व्युत्पत्ती मानली, म्हणजे हे शब्द धातू-प्रत्ययांत फोडले, तर ही यादी नियमासाठी, म्हणजे इतर संज्ञाशब्दांना दीर्घ होऊ नये म्हणून. आणि तुम्ही? ज्या मूळ भाषेची एक ओळ दगडावर सापडली नाही, तिचे प्रत्यय मोजताय!

तारांकित
काय होतं ते पाणिनीनं सांगितलं. का होतं, ते मी विचारतोय.
आणि दगडाचं म्हणाल तर, स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरनं 1879 च्या प्रबंधात निव्वळ हिशेबानं मूळ भाषेतले काही हरवलेले ध्वनी मांडले. 1915 मध्ये ह्रोझनीनं हित्ती, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली याच कुळातली प्राचीन भाषा, वाचली, 1927 मध्ये कुरिलोविच या भाषाशास्त्रज्ञानं दाखवलं की त्यातल्या काही जागी हित्तीत ख़ सारखा ध्वनी चक्क लिहिलेला आहे. दगड नाही, मातीच्या विटा आहेत. चालतील?

जुनी पगडी
त्याच विटांवर बाप ‘अत्तस्’ आहे म्हणे. तुमचा लाडका ‘तर’ गेला कुठे?

दूरे हिता
बापाचं राहू द्या, मुलीचं बोला. निरुक्त लिहिणाऱ्या यास्कानं दुहिताचे तीन अर्थ दिलेत: दुर्हिता, दूरे हिता आणि शेवटी ‘दोग्धेर्वा’, म्हणजे किंवा दुह् पासून. माझ्या लग्नात भटजींनी यातला मधला माइकवर समजावून सांगितला, दूर असली तरच हिताची. सासरचे हसले. आई उठून आत गेली. म्हणून विचारते, पगडीवाले: दुह् ला तृ लावला की दोग्धा होतो ना? मग दुहिता कसं? गुण, म्हणजे उ चा ओ, कुठे गेला, इ कुठून आला?

तारांकित
इ म्हणजे सोस्यूरच्या हरवलेल्या ध्वनींपैकीच एक. ग्रीक ‘थुगतेर’मध्ये त्याच जागी अ आहे. पित्यातला इ आणि लॅटिन ‘पतेर’मधला अ, तीच जोडी.

घाटावरचा
सगळे ग्रीक-लॅटिन. मराठीचं कुणाला काही आहे का? आपला बालपणातला ‘पण’ वैदिक त्वन पासून आलाय. ऋग्वेदात महित्वन आहे. पुढच्या संस्कृतानं तो टाकला, प्राकृतानं ‘प्पण’ करून आपल्यापर्यंत पोचवला. आणि आपण काय करतो? ‘देवत्वपणा’ लिहितो! परवा एका निमंत्रणपत्रिकेत वाचलं, डोकं फिरलं.

नुक्ताचीनी
‘पण’ आणि ‘पणा’ही वेगळे ठेवा मग. बालपण, लहानपण, म्हातारपण हा काळ. आगाऊपणा, चोंबडेपणा ही वागणूक.

घाटावरचा
शहाणपण कुठला काळ?

नुक्ताचीनी
अपवाद.

घाटावरचा
आणि कैरीचा आंबटपणा ही कैरीची वागणूक का?

नुक्ताचीनी
तुमची नक्कीच.

जुनी पगडी
कैऱ्या नंतर खा. दोग्धाचा मुद्दा बाईंचा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. उणादी, म्हणजे अशा आडवळणी शब्दांच्या प्रत्ययांची सूत्रं, त्यात असली रूपं निपातनानं, म्हणजे तयारच घेतात; अव्युत्पत्तिपक्ष तर असे शब्द फोडतच नाही. तेव्हा तो ढकलसंदेश आमच्या गळ्यात बांधू नका, त्यानं उणादी उघडलेलंही नाही. पण म्हणून तुमचे तारा लावलेले, हिशेबानं बांधलेले मूळ शब्द सिद्ध झाले असं नाही.

दूरे हिता
एवढं भटजींना कळवाल का?

घाटावरचा
शहाणपणाचं उत्तर अजून आलेलं नाही.