भक्षक कोळी बागेत राखायचा की औषधावरच भागवायचं?

निफाडकर:
फेब्रुवारीत ऊन तापलं की द्राक्षाच्या पानामागे लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, सुटतो आणि आपण फवारणीचा ब्लोअर काढतो. माझं स्पष्ट मत: तो बऱ्याचदा आपणच वाढवतो. ऑक्टोबर छाटणीनंतर उडद्या किडीसाठी सायहॅलोथ्रीन हे कीटकनाशक मारलं की लाल कोळ्याला खाणारा भक्षक कोळी आधी साफ होतो. या भक्षकाला डोळे नसतात. लाल कोळ्याने शोषलेलं पान वेगळा वास सोडतं, त्या वासावर तो शिकार गाठतो. २५ अंशांना अंड्यापासून साधारण आठवड्यात तयार होतो. भिंगातून बघा, फिकट, थेंबासारखा आणि पळायला भलताच चपळ.

एक्सपोर्टवाला:
दादा, वाचायला छान. मण्यात पाणी उतरताना पानं तांबूस पडली तर साखर भरेल का? अन् फायटोसियुलस हा भक्षक कोळी विकत आणला तर शिकार संपली की तोही उपाशी मरतो. पुढच्या खेपेला पुन्हा पैसे मोजायचे? डावणी या बुरशीरोगाला मँकोझेब हे बुरशीनाशक लागतंच, तेही या भक्षकांना बाधतं.

निफाडकर:
विकत आणा म्हणालोच नाही. आहेत ते मारू नका. अमेरिकेत वेनॅचीच्या सफरचंद बागांत स्टॅनली हॉइट यांनी १९६० च्या दशकात हेच केलं. पानांवरचा गंज कोळी, म्हणजे आणखी एक बारीक कोळी, थोडा राहू दिला, म्हणजे मोठी शिकार येईपर्यंत भक्षकाचं पोट चालतं.

कृषीकन्या:
सफरचंदाचा दाखला इथे जसाच्या तसा चालत नाही. आपण वर्षातून दोनदा वेल छाटून उघडी करतो. युरोपातल्या द्राक्षबागांत टिफ्लोड्रोमस पायरी या भक्षक कोळ्याच्या माद्या हिवाळा खोडाच्या सालीखाली काढतात. आपण पिठ्या ढेकूण या किडीसाठी नेमकी तीच साल सोलतो! मग त्याने राहायचं कुठे?

निफाडकर:
ताई, सालीचं पटलं. म्हणूनच ओळींमध्ये गवत ठेवतो. परागकणांवरही जगणाऱ्या भक्षक कोळ्यांच्या जाती तिथे तग धरतात.

एक्सपोर्टवाला:
त्याच गवतात थ्रिप्स आणि लाल कोळीही पोसला जातो, ते का नाही लिहीत? उडद्याचं औषध बदलून बघेन. कोळीनाशक मात्र शेडमध्ये राहणारच.

कृषीकन्या:
राहू द्या, पण टाकीत ओतण्याआधी पानं उलटी करून बघा. भक्षक फिरताना दिसले तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा मोजा. अबामेक्टीन हे कोळीनाशक त्यांनाही मारतं.

एक्सपोर्टवाला:
काढणी तोंडावर असताना थांबत नाही. काढणीनंतरच्या खरडछाटणीनंतर दोन ओळींवर बघतो.