मदत हवी आहे : बुलबुल ओरडला की दयाळची पिल्लं गप्प का होतात?

आमच्या परसातल्या आंब्याच्या ढोलीत दयाळचं घरटं आहे. पिल्लं साधारण दहा दिवसांची असतील. आई-बाबा चारा घेऊन आले की नुसता कलकलाट. पण काल कुंपणावर मांजर आलं, दोन बुलबुल जोरजोरात ओरडू लागले आणि ढोलीतला आवाज एकदम बंद! त्या वेळी दयाळ नर-मादी मला तरी जवळपास दिसली नाहीत. आज सकाळी खार बराच वेळ चिरचिरत होती, तरी पिल्लांचं ओरडणं चालूच.

जपानमध्ये पक्षी-अभ्यासक तोशिताका सुझुकींनी टिट नावाच्या छोट्या पक्ष्यांवर केलेलं काम वाचलंय. आई-बाबांनी सापाचा इशारा दिला की पिल्लं घरट्याबाहेर उड्या मारतात, कावळ्याचा दिला की खाली दबून बसतात. पण तिथे इशारा देणारे स्वतःचेच पालक. परक्या जातीचा इशारा इतक्या लहान पिल्लांना कसा कळतो? उपजत, की बुलबुलाचा आवाज त्यांच्या पालकांच्या आवाजासारखा वाटतो म्हणून? की दयाळ आडोशाला बसून हळूच काही बोलले आणि मलाच ऐकू आलं नाही?

ध्वनिमुद्रण वाजवून बघायची इच्छा नाही, पिल्लं उगाच घाबरतील. नुसतं लांबून बघून काय-काय टिपून ठेवू? कुणी असं पाहिलं असेल तर कृपया सांगा, पिल्लं लवकरच उडतील.