नॉरशॉपिंग: गिरण्यांच्या गावात काय पाहाल, काय कराल? (अनुभव धागा)

मे महिना जवळ आला की स्वीडनला येणाऱ्यांचे निरोप सुरू होतात. बहुतेकांची यादी स्टॉकहोम आणि गॉथेनबर्गवर संपते. नॉरशॉपिंग मात्र राहून जातं, आणि त्याची मला फार चुटपुट लागते. स्टॉकहोमहून आगगाडीने सव्वा-दीड तासाचा रस्ता. मोताला नदी इथे शहराच्या ऐन मध्यातून धबधब्यांनी उतरते आणि तिच्या दोन्ही काठांवर जुन्या कापडगिरण्या, कागदगिरण्या आजही उभ्या आहेत. एकेकाळी या गावाला स्वीडनचं मँचेस्टर म्हणत.

मी इथेच राहते. जे येऊन गेलेत किंवा इथे शिकलेत, कामाला होते, त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. प्रेक्षणीय स्थळांची नुसती यादी नको. काय पाहिलं, कुठे थांबावंसं वाटलं, कोणाला घेऊन गेलात, ते सांगा.

लालबागची नात

मी अल्वाबद्दल, इथल्या एका गिरणी कामगार बाईबद्दल, लिहिणार. बाकी काही पाहिलं नाही तरी चालेल, पण श्रम-संग्रहालय चुकवू नका.

नदीच्या मधोमध लाक्सहोल्मेन नावाचं इवलंसं बेट आहे. त्यावर १९१७ साली बांधलेली सात कोनांची इमारत आहे, एका टोकाला निमुळती होत गेलेली. लोक तिला 'इस्त्री' म्हणतात. भिंती थेट पाण्यातून वर आल्यासारख्या दिसतात. होल्मेन कंपनीची ही कापडगिरणी १९६२ साली बंद झाली आणि १९९१ मध्ये इथे श्रम-संग्रहालय सुरू झालं. तिकीट नाही.

अल्वा कार्लसन ही या गिरणीतली कामगार. पस्तीस वर्षं ती इथे कांड्या भरत होती, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत वायंडिंग खात्यात, जिथे सूत कांड्यांवर गुंडाळतात. १९२७ ला लागली ती गिरणीला टाळं लागेपर्यंत. तिची गोष्ट संग्रहालयाच्या जिन्यात मांडली आहे. एकेक मजला चढत जायचं आणि तिचं आयुष्य वाचत जायचं.

माझी आजी लालबागच्या एका गिरणीत वायंडिंगलाच होती. बायकांना तेव्हा मुख्यतः वायंडिंग नाहीतर रीळ खातं मिळे. तुटलेला धागा बोटांच्या चिमटीत धरून गाठ मारायची तिची पद्धत मी लहानपणी पाहिली आहे, शिवणाच्या दोऱ्यालासुद्धा ती तशीच गाठ मारायची, नजर दुसरीकडे ठेवून. त्या जिन्यात उभी असताना मला आजीचे हात दिसत होते. एका साध्या कामगार बाईसाठी संग्रहालयाचा अख्खा जिना! मालकाचा पुतळा गावात आहेच, पण हा जिना अल्वाचा आहे. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

आणखी एक. हे संग्रहालय कामगार संघटना आणि सहकारी चळवळीतल्या संस्थांनी मिळून उभारलेलं आहे. त्यामुळे मांडणीत काम करणारा माणूस केंद्रस्थानी आहे, यंत्रं त्याच्या आजूबाजूला.

साचेवाला इचलकरंजी

ताई, तुमचं वाचून मीही लिहायला बसलो. आमच्या घरात यंत्रमाग होते, शिक्षणही टेक्स्टाईलचंच. त्यामुळे मी नॉरशॉपिंगला गेलो तो पाणी बघायला.

गिरण्या इथेच का आल्या, याचं उत्तर नदीत आहे. मोताला नदी वेट्टर्न या प्रचंड तलावातून निघते, वाटेत आणखी तलाव लागतात. हे तलाव साठ्याचं काम करतात, म्हणून वर्षभर पाण्याचा ओघ बऱ्यापैकी सारखा राहतो. आपल्या नद्यांसारखं पावसाळ्यात पूर आणि उन्हाळ्यात खडक असं होत नाही. आणि समुद्राला मिळण्याच्या थोडं आधी, नेमकी गावात, ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली येते. म्हणजे चाकं फिरवायला जोर आहे आणि माल न्यायला बंदरही हाताशी. कारखानदाराला आणखी काय हवं? सतराव्या शतकात लुई द येर या मूळच्या लिएजच्या उद्योजकाने इथे शस्त्रं, पितळ यांचे कारखाने जोमाने वाढवले. १७१९ मध्ये रशियनांनी गाव जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं, कारण पाणी तिथेच होतं. पुढे लोकर आणि सूत आलं.

प्रत्यक्ष पाहायचं तर पुलावर उभं राहून इमारतींच्या पायाकडे बघा. कमानी दिसतील. कालव्याने वळवलेलं पाणी इमारतीखालून जायचं आणि चाक, नंतर टर्बाइन फिरवायचं. तिथून पट्ट्यांनी वरच्या मजल्यांवर गती पोचायची. गिरण्या मजल्यावर मजले चढवून का बांधल्या, हे तिथे उभं राहिल्यावर चटकन कळतं. शाफ्ट, म्हणजे गती पोचवणारा फिरता दांडा, जितका लांब तितकी ताकद वाया, म्हणून सगळं पाण्याच्या जवळ, उभं रचायचं.

शहर संग्रहालयसुद्धा जुन्या कारखान्याच्या इमारतींत आहे. तिथले माग मी बराच वेळ पाहत होतो. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा, कुठून कसा जातो हे कोणी न सांगता कळत होतं.

टॅपन कॅन्टीन

मी इथे मास्टर्सला होतो. लिंशॉपिंग विद्यापीठाचा नॉरशॉपिंग कॅम्पस १९९७ पासून याच गिरण्यांमध्ये भरतो. आमची मुख्य इमारत टॅपन, तीही जुनी गिरणीच. ओतीव लोखंडाचे खांब, मोठ्ठ्या खिडक्या, बाहेर पाण्याचा आवाज. परीक्षेच्या दिवसांत तो आवाज फार सोबत करायचा.

येणाऱ्यांना एकच सुचवतो, डिसेंबर-जानेवारीत आलात तर घाबरू नका. दुपारी तीनलाच अंधार पडतो हे खरं, पण त्या अंधारात दिव्यांनी उजळलेला धबधबा आणि विटांच्या भिंती पाहण्यासारखं सुख नाही. घरची आठवण यायची तेव्हा मी नदीवरच्या पुलावरून एक फेरी मारायचो. तिथून कालवे, पूल, धुराडी सगळं एका नजरेत येतं. मग क्नेपिंग्सबोरीच्या बोळात शिरून कॉफी आणि दालचिनीचा पाव. पूर्वी पडीक झालेला हा भाग आता छोट्या दुकानांनी गजबजलेला असतो.

दोन पिल्लांची आई

मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी लिहिते. माझ्या मुलांना गिरण्यांमध्ये शून्य रस. त्यांनी गाव डोक्यावर घेतलं ते पिवळ्या ट्रॅमसाठी! इथे १९०४ पासून ट्रॅम आहे. १९६७ मध्ये स्वीडनने डावीकडून उजवीकडे गाडी चालवायला सुरुवात केली, त्या सुमारास कित्येक गावांनी ट्रॅम मोडीत काढल्या. नॉरशॉपिंगने ठेवली. दोन आणि तीन नंबरच्या गाड्या आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बसून राहायचं, मुलं खिडकीला चिकटतात आणि आपल्या पायांना विसावा मिळतो.

स्टेशनजवळच्या कार्ल योहान बागेत उन्हाळ्यात निवडुंगांची रांगोळी असते. खरंच रांगोळी. सुमारे २५ हजार निवडुंग रोवून दरवर्षी नवं चित्र काढतात, १९२६ पासून. जवळ जाऊन पाहिलं तर करंगळीच्या पेरापेक्षा लहान रोपंही दिसतात, हिरवी, राखाडी, जांभळट. थंडी पडायच्या आत सगळी काढून आत नेतात.

पाऊस असेल तर दृश्यविज्ञान केंद्रात जा. तेही गिरण्यांच्या भागातच आहे. त्याच्या घुमटात आडवं पडल्यासारखं बसून अंतराळ पाहता येतं. हातात दिवस जास्त असतील तर कोलमॉर्डनचं प्राणिसंग्रहालय आहे, पण त्याला पूर्ण दिवस द्या, गावाबरोबर कोंबू नका.

पुण्याहून

छान माहिती मिळतेय. जूनमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन येतोय. सासरे ७८ वर्षांचे, गुडघे दुखतात. चालणं किती पडेल? आणि एका दिवसात होईल का?

(धागाकर्ती)

दादा, नक्की आणा. स्टेशन ते गिरण्यांचा भाग अंतर कमी आहे, ट्रॅमही आहे. अडचण दगडी फरशीची, तिथे चाकाची खुर्ची किंवा वॉकर खडखडतो. काठीला रबरी बूच नवं लावून आणा. श्रम-संग्रहालयात लिफ्ट आहे. अल्वाचा जिना खालचे एक-दोन टप्पे पाहिला तरी पोचतो. बसायला स्ट्रॉम बाग उत्तम, नदीकाठी बाकं आहेत. सासऱ्यांना व्यंगचित्रं आवडत असतील तर त्याच संग्रहालयात एवर्ट कार्लसन या स्वीडिश व्यंगचित्रकाराचं स्वतंत्र दालन आहे. शब्द कळले नाहीत तरी रेषा कळतात.

एक दिवस पुरेल, पण घाईत नको. सकाळी बेट, दुपारी ट्रॅम आणि बाग, एवढंच ठरवा.

कातळशिल्पवाला

सगळे गिरण्यांवरच बोलताय म्हणून मुद्दाम. गावातच, पश्चिमेला हिम्मेल्सतालुंदच्या मैदानात कांस्ययुगातली कातळशिल्पं आहेत. दीड हजारांहून जास्त. नावा, डुकरं, तलवारी, माणसं. ओळखू यावीत म्हणून बऱ्याच आकृत्यांत तांबडा रंग भरला आहे. मी रत्नागिरीचा, आमच्या सड्यावरची कातळशिल्पं पाहतच मोठा झालो. त्यामुळे इथे उकिडवं बसून दगडावर तिरपं ऊन कधी पडतंय याची वाट पाहिली. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की न रंगवलेल्या रेषाही उठून दिसतात. तिथे जायचं तर संध्याकाळीच जा. वाटेत नदीकाठी फेर्गरगोर्दन लागतं. जुन्या रंगाऱ्याचं घर आणि रंगासाठी लावायच्या वनस्पतींची बाग. कापडाच्या गावात रंग कुठून यायचा, ते तिथे उमगतं.

लालबागची नात

पुण्याच्या दादांसाठी अजून एक. दिवसाची अखेर कागदगिरणीत करा. होल्मेनच्या जुन्या कागदगिरणीत आता द येर यांच्या नावाचं संगीतगृह आहे, १९९४ पासून. शहराचा वाद्यवृंद तिथेच वाजवतो. जूनच्या सुरुवातीला येणार असाल तर कार्यक्रम आहे का बघून ठेवा, पुढे उन्हाळी सुट्टी लागते. तिकीट नाही मिळालं तरी बाहेरच्या चौकात बसा, तिथून पाणी जवळ आहे आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवणाचा डबा मात्र बरोबर ठेवा, रविवारी बरीच हॉटेलं लवकर बंद होतात.