द बँग बँग क्लब बघितला, झोप उडाली. त्या फोटोवाल्यांनी कॅमेरा खाली ठेवायला हवा होता का?

टिपकागद:

काल रात्री उशिरा एकटीनेच द बँग बँग क्लब बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितेय. पिक्चर तसा जुना आहे, २०१० चा, दिग्दर्शक स्टीव्हन सिल्व्हर. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये तुरुंगातून सुटले आणि एप्रिल १९९४ मध्ये सगळ्यांना मत देता येईल अशी पहिली निवडणूक झाली, त्या मधल्या चार वर्षांत दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये, म्हणजे टाउनशिपमध्ये जो रक्तपात चालला होता त्याचे फोटो काढणाऱ्या चार जणांची ही गोष्ट आहे. ग्रेग मारिनोविच, केविन कार्टर, केन ऊस्टरब्रूक आणि जोआव सिल्व्हा. चौघंही खरी माणसं.

दोन प्रसंग माझ्या मानगुटीवरच बसलेत. एक सोवेटो या टाउनशिपमधला, जमाव एका माणसाला हेर समजून मारतो, पेटवतो, आणि तो पेटलेला असतानाच एक जण येऊन त्याच्या डोक्यात सुरा घालतो, आणि ग्रेग एवढ्या जवळ उभा राहून फोटो काढतोय. त्याच फोटोंना १९९१ चं पुलित्झर, म्हणजे पत्रकारितेतलं मोठं बक्षीस मिळालं. दुसरा सुदानमधला, गिधाड आणि ते उपाशी लेकरू, केविनचा फोटो, तो तर आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलाय. नंतर पत्रकार केविनला विचारतात की त्या मुलीचं पुढे काय झालं आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच नसतं, तिथे मी पिक्चर थांबवून पाणी प्यायले.

माझा प्रश्न साधा आहे. कॅमेरा बाजूला ठेवून आधी माणूस वाचवायला नको होता का? नवरा म्हणतो अगं ते त्यांचं काम होतं. मला नाही पटलं. पण मी तिथे असते तर काय केलं असतं हेही छातीठोक सांगता येत नाहीये आणि त्याचाच जास्त त्रास होतोय. जाणकारांनी सांगा, दाखवलंय तसंच घडलं होतं का?

कृष्णधवल:

ताई, मी अकरा वर्षं पेपरला फोटोग्राफर होतो, युद्ध नाही बघितलं पण दंगली बघितल्यात, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

आधी सोवेटोचं. ग्रेग तेव्हा नवखा होता, आणि भोवती शंभरेक माणसं, हातात सुरे, दगड. मारणाऱ्यांपैकी काही जण ओरडले की फोटो काढू नको, तेव्हा त्याने उलट सांगितलं की तुम्ही याला मारायचं थांबवा, मी फोटो काढायचं थांबवतो. हे त्याने स्वतः नंतर लिहून ठेवलंय. विचार करा, त्या क्षणी त्या जमावासमोर हे बोलायला काय लागलं असेल. म्हणजे तो गप्प उभा राहिला असं नाहीये. त्याच्याकडे जे एकच हत्यार होतं ते त्याने वापरून बघितलं आणि ते चाललं नाही. हात घातला असता तर दोन मुडदे पडले असते आणि फोटो एकही नसता.

आता कॅमेऱ्यामागून कसं वाटतं ते सांगतो कारण पिक्चरमध्ये ते जरा हिरोगिरीसारखं दिसतं, गोळ्या चालल्यात आणि हे पळतायत वगैरे. खरं तर डोळा एकदा व्ह्यूफाइंडरला लागला की माणूस अर्धा तिथून निघून जातो. फोकस बसला का, उजेड किती आहे, रोलमध्ये किती फ्रेम उरल्यात. तेव्हा छत्तीस फोटोंचा रोल असायचा, सदतिसाव्याला तुम्ही तिथेच उभ्या उभ्या मागचं झाकण उघडून नवीन रोल भरायचा, बोटं थरथरत असताना फिल्मची जीभ त्या खाचेत घालायची, आणि ते वीस-तीस सेकंद सगळ्यात वाईट, कारण तेवढ्या वेळात कॅमेरा डोळ्यावर नसतो आणि समोरचं सगळं उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं. मी एकदा एक जळतं घर शूट करत होतो, आत माणूस आहे हे मला फ्रेममध्ये दिसलंच नव्हतं, रोल बदलताना दिसलं. बाहेर काढलं त्याला, मी आणि दोन पोरांनी मिळून. पण आधीच्या छत्तीस फ्रेममध्ये तो आहे, खिडकीत, आणि मी दाबत गेलोय. त्या निगेटिव्ह अजून माझ्याकडे आहेत, परत कधी काढल्या नाहीत.

म्हणून मी कोणाला दोषी म्हणणार नाही, निर्दोष पण म्हणणार नाही.

रानवारा:

सुदानच्या फोटोबद्दल एवढ्या अफवा फिरतात की राहवत नाही, जेवढं नक्की आहे तेवढं लिहितो.

मार्च १९९३, गावाचं नाव आयोद, आता ते दक्षिण सुदानमध्ये येतं. केविन आणि जोआव संयुक्त राष्ट्रांच्या मदतीच्या विमानातून गेले होते. विमान धान्य उतरवून लगेच परत निघणार होतं. जोआवने नंतर सांगितलं की आया धान्य घ्यायला विमानाकडे धावल्या होत्या आणि पोरांना तेवढ्यापुरतं खाली ठेवलं होतं, म्हणजे ते लेकरू रानात टाकून दिलेलं वगैरे नव्हतं, खाण्याचं केंद्र जवळच होतं. केविनने फोटो काढले आणि गिधाडाला हाकललं. २६ मार्चला न्यूयॉर्क टाइम्समध्ये फोटो आला, आणि मुलीचं काय झालं विचारणाऱ्यांची इतकी रीघ लागली की चार दिवसांनी पेपरला खुलासा छापावा लागला, की गिधाड हाकलल्यावर ती परत चालायला लागली होती, केंद्रापर्यंत पोचली का ते माहीत नाही.

आता फोटो परत नीट बघा. लेकराच्या उजव्या मनगटावर एक पांढरी प्लास्टिकची पट्टी आहे. आपलं लक्ष गिधाडाकडे जातं म्हणून ती कोणाला दिसतच नाही. ती पट्टी म्हणजे मदत केंद्रावर त्याची नोंद झालेली होती. २०११ मध्ये एका स्पॅनिश पेपरचे पत्रकार तिथे जाऊन घरच्यांना भेटले तेव्हा कळलं की ती मुलगी नव्हतीच, मुलगा होता, आणि तो त्या दुष्काळातून वाचला होता. पुढे २००७ च्या सुमारास तापाने गेला. म्हणजे ज्या लेकराला आपण सगळ्यांनी मनात केव्हाच मारून टाकलं होतं ते त्यानंतर चौदा वर्षं जगलं. केविनला हे कधीच कळलं नाही. १९९४ चं पुलित्झर त्याला एप्रिलमध्ये जाहीर झालं आणि २७ जुलैला त्याने स्वतःला संपवलं, वय फक्त ३३.

आणि कृपया कोणी असं लिहू नका की गिधाडाच्या फोटोने त्याचा जीव घेतला. हे सगळीकडे लिहितात आणि ते अर्धवट आहे. पैशाची ओढाताण होती, नशेची सवय होती, जवळचा मित्र केन तीन महिन्यांपूर्वी गेला होता, आणि दहा वर्षं बघितलेली प्रेतं होती. एका फोटोवर सगळं ढकललं की आपल्याला गोष्ट सोपी जाते.

टिपकागद:

रानवारा, मी आत्ता फोटो उघडून बघितला. पट्टी आहे. मी हा फोटो निदान वीस वेळा तरी बघितला असेल आणि मला कधीच दिसली नव्हती.

कृष्णधवल दादा, तुमचं वाचून काय बोलावं कळेना. लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

फिरस्ता:

चर्चा चांगली चाललीय पण माझी तक्रार वेगळी आहे आणि ती पिक्चरवरच आहे. सोवेटोत जो माणूस जळाला त्याचं नाव वर कोणीच लिहिलं नाही. लिंडसे त्शाबालाला. तारीख १५ सप्टेंबर १९९०. हे मी भांडायला म्हणत नाहीये, पण पिक्चरसुद्धा हेच करतो. चौघांच्या मैत्रिणी, दारू, भांडणं, बक्षिसं सगळं सविस्तर, आणि ज्यांचे फोटो काढले ती माणसं येतात, मरतात, जातात. ज्यांना आधीची माहिती नाही त्यांना वाटेल की दोन जमाती उगाच एकमेकांच्या जिवावर उठल्या होत्या.

तसं नव्हतं. एका बाजूला एएनसी, म्हणजे मंडेलांचा पक्ष, दुसऱ्या बाजूला इंकाथा पार्टी, झुलू जमातीची. जोहान्सबर्गच्या आसपासच्या खाणीत, कारखान्यात कामाला खेड्यातून आलेले पुरुष हॉस्टेलमध्ये राहायचे, बायकापोरं गावाकडे, आणि वर्णभेदाच्या कायद्यांनीच ती हॉस्टेलं तशी बांधलेली. तिथे इंकाथाचा जोर. हॉस्टेलच्या भोवती वस्ती, तिथे एएनसीचा जोर. थोकोझा नावाच्या टाउनशिपमधला खुमालो स्ट्रीट तर नुसती रणभूमीच होता, रस्त्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला जाऊ शकत नव्हता. आणि या सगळ्यात गोऱ्यांच्या सरकारचे हात होते, १९९१ मध्ये उघड झालं की पोलीस खात्यातून इंकाथाला गुपचूप पैसे जात होते. १७ जून १९९२ ला बोइपातोंगमध्ये एका रात्रीत ४५ माणसं मारली, बायका, तान्ही पोरं. त्या चार वर्षांत सगळे मिळून १४ हजारांच्या आसपास माणसं गेली. पिक्चर थोकोझामध्येच शूट केलाय, रस्ते खरे आहेत, धूळ खरी आहे, पण हे का चाललंय ते दोन-चार वाक्यांत उरकलंय आणि तिथे मला तो अपुरा वाटतो.

दुसरं, गोऱ्या कातडीमुळे हे चौघं दोन्हीकडे फिरू शकत होते, हे पण समजून घ्या. काळ्या फोटोग्राफरला हॉस्टेलमध्ये पाय ठेवणं सोपं नव्हतं, पहिला प्रश्न भाषा कोणती बोलतोस, आणि उत्तर चुकलं तर संपलं. तरी त्यांनी काम केलंच. १९७६ चा सोवेटोचा फोटो, मेलेल्या पोराला उचलून धावणारा मुलगा आणि शेजारी रडत धावणारी बहीण, तो सॅम न्झिमा यांचा. पीटर मागुबाने यांना ५८६ दिवस एकांतकोठडीत ठेवलं होतं, केवळ फोटो काढतात म्हणून. आणि जानेवारी १९९४ मध्ये काटलेहाँगला अब्दुल शरीफ गोळी लागून गेला, तो फोटोग्राफरच होता, केनच्या तीन महिने आधी. यांच्यावर पिक्चर कधी येणार?

आठवणीतली_वाट:

मी जरा विरुद्ध बोलणार आहे, राग मानू नका. सोवेटोचं पटलं, तिथे हात घालणं शक्यच नव्हतं. पण सुदानमध्ये जमाव नव्हता, सुरे नव्हते. केविनने स्वतःच सांगितलं होतं की गिधाड पंख पसरेल म्हणून तो वीसेक मिनिटं थांबला. वीस मिनिटं! मी दोन पोरांची आई आहे, मला ते वीस मिनिटांचं गणित पचतच नाही. रोगराईच्या भीतीने कोणाला हात लावू नका असं सांगितलं होतं म्हणतात, ठीक आहे, नका लावू, पण धान्य घ्यायला गेलेल्या आईला हाक मारता आली असती की नाही? फोटोमुळे जगभरातून मदत आली हे मी मान्य करते, ती मोठी गोष्ट आहे, हजारो पोरं जगली असतील. तरी त्या एका लेकराच्या जागेवरून बघितलं तर समोर एक पक्षी आणि एक माणूस, आणि दोघंही वाट बघतायत.

कृष्णधवल:

ताई, राग कशाला. तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधणार पण नाही. मला वाटतं केविनकडेही नव्हतं. फोटो काढून झाल्यावर तो एका झाडाखाली बसून रडला आणि स्वतःच्या लेकीला जवळ घ्यायची इच्छा झाली असं त्याने सांगितलं होतं. त्याला लहान मुलगी होती.

टिपकागद:

आठवणीतली_वाट, अगदी हेच मला म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते.

अजून एक विचारायचं राहिलं. केनला नक्की कोणी मारलं? पिक्चरमध्ये एवढी गडबड आहे की गोळी कुठून आली तेच कळलं नाही, मी मागे घेऊन दोनदा बघितलं.

फिरस्ता:

गडबड तशीच होती, त्यामुळे ते बरोबर दाखवलंय. १८ एप्रिल १९९४, निवडणुकीला फक्त नऊ दिवस बाकी, थोकोझा, हॉस्टेलजवळ. शांतता राखायला म्हणून घाईघाईत नॅशनल पीसकीपिंग फोर्स उभी केली होती, पोरं नीट शिकवलेली नव्हती, घाबरलेली होती, आणि फोटोग्राफर त्यांच्यासोबतच भिंतीच्या आडोशाला होते. त्यांनी घाबरून गोळीबार सुरू केला. केन तिथेच गेला, ग्रेगच्या छातीत गोळी लागली. जोआव शेजारी होता, त्याने फोटो काढले, आपल्याच मित्रांचे. केविन दुपारी आधीच तिथून निघालेला, बातमी त्याने रेडिओवर ऐकली, आणि मग शेवटपर्यंत मित्रांना सांगत राहिला की ती गोळी मला लागायला हवी होती.

चौकशी झाली, कोणावर ठपका आला नाही. १९९९ मध्ये त्या फोर्समधल्या एका जवानाने ग्रेग आणि जोआवला समोर बसून सांगितलं की ती गोळी आमच्यापैकीच कोणाची तरी होती. पाच वर्षं लागली एवढं ऐकायला.

रानवारा:

जोआवचं पुढचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पिक्चर सप्टेंबर २०१० ला टोरंटोच्या महोत्सवात दाखवला आणि पुढच्याच महिन्यात, २३ ऑक्टोबरला, कंदाहारजवळ अमेरिकन सैनिकांबरोबर चालताना जोआवचा पाय सुरुंगावर पडला. दोन्ही पाय गेले. जमिनीवर पडल्या पडल्या त्याने कॅमेरा उचलून काही फोटो काढले, मग सॅटेलाइट फोनवरून बायकोला फोन लावला. नऊ महिन्यांनी, जुलै २०११ मध्ये, कृत्रिम पायांवर उभं राहून त्याने ज्या हॉस्पिटलमध्ये उपचार चालू होते तिथल्याच एका कार्यक्रमाचा फोटो काढला आणि तो न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर छापून आला.

टिपकागद:

आज रात्री नवऱ्याला शेजारी बसवून परत बघणार आहे. त्याला आधी पट्टी दाखवते आणि लिंडसे त्शाबालालाचं नाव सांगते, मग पिक्चर लावते.