डीमनला मराठीत काय म्हणायचं?

रविवारचा मास्तर : दर रविवारी नारायण पेठेत दहा-बारा पोरांना लिनक्स (सर्व्हरवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) शिकवतो. बहुतेक मुळशी-भोरकडची, आयटीआय झालेली. हिंजवडीत रात्रपाळीला सर्व्हर सांभाळायची नोकरी लागावी, एवढंच त्यांचं म्हणणं. टिपणं मराठीत काढतोय. फाइल, युजर, पासवर्ड यांना हात लावलेला नाही, ते आता आपलेच. अडलोय डीमनपाशी, म्हणजे कुणाला न दिसता मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामपाशी. कोशात 'राक्षस, पिशाच्च' आहे. फळ्यावर 'पार्श्वभूमीतील पिशाच्च' लिहिलं, तर वर्ग तास संपेपर्यंत हसत होता. काहीतरी सुचवा.

जुना खोडरबर : पिशाच्च बाद, कारण मूळ ग्रीक शब्दातला तो जीव धड देव नाही, धड राक्षस नाही. हा शब्द युनिक्सच्या (लिनक्स ज्याच्या वळणावर बेतलंय त्या सिस्टिमच्या) आधीचा. 1963 साली एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये आयबीएम 7094 वर काम करणाऱ्यांनी तो उचलला. त्यातले फर्नांडो कॉर्बाटो यांनीच सांगून ठेवलंय की प्रेरणा मॅक्सवेलच्या भुताची, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका कल्पित जीवाची होती. ते भूत डब्याच्या झडपेशी बसून वेगवान रेणू एकीकडे, मंद रेणू दुसरीकडे सोडत राहतं. थकत नाही, दिसत नाही. बेल लॅब्जमध्ये युनिक्सची सुरुवात 1969 ची. 'डिस्क अँड एक्झिक्यूशन मॉनिटर' हा फुलफॉर्म काही क्लासवाले पाठ करून घेतात, पण तो मागाहून जुळवलेला आहे. मास्तर, तेवढा शिकवू नका.

देवगडची भाची : मग राखणदार म्हणा की! आमच्या आजोळी वेशीवर असतो. कुणी पाहिलेला नाही, पण त्याच्या भरवशावर गाव झोपतं. एसएसएचडी (लांबून लॉगिन करू देणारा डीमन) तरी काय करतो? 22 नंबरच्या पोर्टावर बसून असतो, कुणी आलं की 'कोण रे तू, किल्ली दाखव'. नावामागचा तो 'डी' डीमनचाच, आपल्याकडे नावाला 'राव' लागतो तसा. एसएसएचराव.

टेकडीवाला : पुण्यात बसून वेताळाला विसरलात? रोज सकाळी त्याच्या टेकडीवर चढतो, म्हणून बोलतोय.

जुना खोडरबर : टेकडीवाले, वेताळ म्हणजे भुतांचा राजा. तो मान पीआयडी 1 चा. पीआयडी म्हणजे प्रोसेसचा, चालू प्रोग्रामचा, नंबर; 1 सगळ्यात आधी उठणाऱ्याचा. आधी इनिट होता, लिनक्सच्या बहुतेक वितरणांत आता सिस्टिमडी आहे. बाकीचे सगळे त्याच्या पालखीमागे चालणारे. एकेकट्याला वेताळ म्हणालात तर गादीसाठी भांडणं लागतील.

राखणदार एसएसएचडीला शोभतो, हे मान्य. पण क्रॉनडी कुठे राखण करतो? तो ठरल्या वेळी ठरलेलं काम करतो. घड्याळजी म्हणा त्याला.

रात्रपाळी : मला शब्दापेक्षा नात्यागोत्याची चिंता जास्त. पोरांना पॅरेंट (जन्म देणारी प्रोसेस), चाइल्ड (तिने जन्म दिलेली), ऑर्फन, झोंबी हे नीट कळलं नाही तर काय होतं, ते सांगतो. एका कंपनीत माझ्या शेजारी नवा मुलगा होता. पहाटे तीनला टॉपमध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) एका प्रोसेसपुढे 'झेड', म्हणजे झोंबी, दिसला. गड्याने किल -9 (प्रोसेस जबरदस्तीने संपवायची आज्ञा) मारला. हलेना. पुन्हा मारला. मग चिडून त्याच्या बापालाच मारला. झोंबी गेला खरा, पण बाप म्हणजे बिलिंगचं मुख्य अॅप्लिकेशन होतं. सकाळी नऊपर्यंत फोन वाजत होते, आणि ते मी उचलत होतो.

त्याला नंतर चहाच्या टपरीवर समजावलं : झोंबी म्हणजे मेलेलाच, फक्त सातबाऱ्यावरून नाव कमी झालेलं नाही. बापाने 'वेट' करून मृत्यूची नोंद घेतली की ओळ जाते. तो मेमरी खात नाही, सीपीयू खात नाही, तक्त्यातला एक पीआयडी तेवढा अडवतो. मेलेल्याला आणखी काय मारणार? आणि अनाथ म्हणजे बाप आधी गेला, पोर जिवंत. त्याला पीआयडी 1 दत्तक घेतो. जुन्या पद्धतीचा डीमन मुद्दामच असा अनाथ व्हायचा : फोर्क करायचा (स्वतःची नक्कल काढायचा), बापाला निरोप द्यायचा, टर्मिनलशी (आज्ञा टाइप करायच्या खिडकीशी) नातं तोडायचा. 'सातबारा' म्हटल्यावर पोराला एका मिनिटात कळलं. 'निर्जीव प्रक्रिया' म्हणालो असतो तर मान डोलावून पुन्हा तेच केलं असतं.

देवगडची भाची : सातबारा! हा टिपणांत घ्याच, मास्तर.

रविवारचा मास्तर : घेतलाच. रीस्टार्ट आणि रीलोडलाही प्रतिशब्द शोधत होतो, पण पोरं आपापसात बोलतात ते ऐकलं आणि थांबलो. 'सर्व्हिस बसली', 'उठव ना', 'उठत नाहीये, लॉग बघ'. उठवणं-बसणं आपल्याकडे आयतं आहे, 'पुनरारंभ' कशाला? रीलोड मात्र वेगळा. तिथे कुणाला उठवायचं नाही, बसल्या जागी नवी कॉन्फिग (सेटिंगची फाइल) वाचायला लावायची. जुना मार्ग हँगअप सिग्नलचा (सिग्नल म्हणजे प्रोसेसला दिलेला इशारा). हँगअप म्हणजे लाइन तुटणं. डीमनला टर्मिनलच नाही, तर लाइन तुटणार कसली? म्हणून तो रिकामा सिग्नल या कामाला लावला. हे सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरचा म्हणाला, 'म्हणजे कानात सांगायचं.' टिपणात तसंच लिहिलंय.

रात्रपाळी : कानात सांगण्याआधी एनजिनएक्स -टी (एनजिनएक्स या वेब सर्व्हरची कॉन्फिग तपासायची आज्ञा) चालवायला शिकवा. फाइलीत अर्धविराम द्यायचा राहिला असेल तर राव लोक ऐकत नाहीत.

रविवारचा मास्तर : शिकवतो. फळ्यावर आता 'डीमन (राखणदार)' आहे, परीक्षेत नुसतं डीमन चालेल. घड्याळजीही ठेवलाय. पुढचा रविवार माउंटचा (डिस्क सिस्टिमला जोडण्याचा). 'आरोहण' कृपया कुणी सुचवू नका.

टेकडीवाला : टेकडीवर चढतो तसं 'चढवणे'?

देवगडची भाची : आणि अनमाउंट? 'उतरवणे'. दृष्ट काढल्यासारखं वाटतंय, पण चालेल.